घरातल्या हीटिंगचा दाब उतरतोय? आधी काटा वाचा, मग पाना उचला

बॉयलरवरचा काटा दर काही दिवसांनी खाली येतो. भरायची तोटी उघडून तो वर आणला की घर पुन्हा गरम होतं, आणि आठवड्याभरात काटा परत खाली. असं चाललं असेल तर नुसतं पाणी भरत राहू नका. बंद चक्रात एकदा भरलेलं पाणी वर्षानुवर्षं तेच राहायला हवं. त्यातला प्राणवायू सुरुवातीलाच लोखंडाला थोडासा गंज चढवून संपतो आणि पुढे ते पाणी फारसा त्रास देत नाही. पण प्रत्येक वेळी ताजं पाणी आत घेतलं की ताजा प्राणवायू आणि क्षारही आत येतात. रेडिएटर आतून गंजतात, काळा गाळ धरतो, आणि तो पंपात आणि हीट एक्स्चेंजरमध्ये (उष्णता पाण्यात उतरवणाऱ्या भागात) जाऊन बसतो. वर्षातून एखाद-दोन वेळा थोडं पाणी भरावं लागलं तर काळजी नको. दर महिन्याला भरावं लागत असेल तर कुठेतरी बिघाड आहे.

हा लेख बंद चक्राच्या हीटिंगबद्दल आहे: बॉयलर पाणी तापवतो, पंप ते रेडिएटरमध्ये किंवा जमिनीखालच्या नळ्यांत फिरवतो, तेच पाणी परत बॉयलरकडे येतं. नळाला येणारं गरम पाणी यापासून वेगळं असतं. माळ्यावर उघडी टाकी असलेल्या जुन्या पद्धतीच्या व्यवस्थेत हा प्रश्न अशा रूपात येत नाही.

काय स्वतः करायचं आणि काय नाही, ते आधी ठरवून घ्या. काटा वाचणं, पाणी भरणं, रेडिएटरमधली हवा काढणं, बाहेरून दिसणारे नट हलकेच आवळणं हे घरच्या माणसाला जमतं. बॉयलरचं जे झाकण काढल्यावर ज्वलनाची जागा उघडी पडते, त्याला हात लावू नका. ते झाकण धुराला अडवणाऱ्या बंदिस्त आवरणाचा भाग असतं आणि नीट बसलं नाही तर विषारी वायू घरात येऊ शकतो. ते काम परवानाधारक तंत्रज्ञाचंच.

किती दाब हवा

एक बार दाब म्हणजे साधारण १० मीटर उंच पाण्याचा स्तंभ. दाबमापकापासून सगळ्यात वरचा रेडिएटर ६ मीटर उंचीवर असेल, तर पाणी तिथवर नुसतं पोचायलाच ०.६ बार लागतो. वर ०.३ बार शिल्लक हवा, नाहीतर वरच्या मजल्यावर हवा साठते. म्हणून दोन मजली घरात पाणी थंड असताना १.० ते १.५ बार ठेवतात. तापल्यावर हा आकडा अर्धा ते एक बारने वाढतो. ३ बारला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि जादा पाणी बाहेर सोडतो. ज्या बॉयलरवर पीएसआयमध्ये (दाबाच्या दुसऱ्या एककात) आकडे असतात, तिथे थंड असताना सुमारे १२ पीएसआय आणि रिलीफ व्हॉल्व्ह ३० पीएसआयचा असतो. तुमच्या बॉयलरच्या पुस्तिकेत वेगळा आकडा दिला असेल तर तोच धरा.

नवखे लोक इथे एक चूक करतात. सकाळी थंड असताना पाहिलेला आकडा आणि रात्री हीटिंग जोरात चालू असताना पाहिलेला आकडा यांची तुलना करतात आणि दाब उतरला किंवा चढला असा निष्कर्ष काढतात. तुलना नेहमी थंड आकड्याशी थंड आकड्याची करायची. थंड म्हणजे बॉयलर बंद करून किमान तीन-चार तास झालेले, पाइप हाताला गार लागणारे.

प्रसरण टाकी: अर्ध्या तक्रारींचं मूळ

पाणी १० अंशांवरून ७० अंशांवर गेलं की सुमारे २.२ टक्के फुगतं. घरातल्या चक्रात १०० लिटर पाणी असेल तर दोन लिटरांहून थोडं जास्त पाणी कुठेतरी मावायला हवं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून चक्राला एक प्रसरण टाकी जोडलेली असते. तंत्रज्ञ तिला एक्स्पान्शन व्हेसल म्हणतात. आत मधोमध रबरी पडदा असतो, एका बाजूला चक्राचं पाणी, दुसऱ्या बाजूला ०.७५ ते १ बार दाबाची हवा किंवा नायट्रोजन. फुगलेलं पाणी पडद्याला ढकलतं, हवा आकसते, दाब बेताने वाढतो. बऱ्याच भिंतीवरच्या बॉयलरमध्ये ही टाकी आतच, मागच्या बाजूला चपट्या डब्यासारखी असते. इतरत्र ती बाहेर लाल किंवा पांढऱ्या घागरीसारखी दिसते.

या टाकीतली हवा वर्षागणिक थोडी थोडी कमी होते. मग काय होतं ते आकड्यांतच पाहा. १०० लिटरचं चक्र, १० लिटरची टाकी, आत ०.७५ बार हवा. थंड असताना १.२५ बार भरलं तर ७० अंशांना दाब साधारण २.१ बार होतो. सगळं ठीक. आता टाकीतला हवेचा जादा दाब शून्यावर आलाय असं धरा. तेच १.२५ बार भरलं तर तापल्यावर हिशेब ३.४ बारच्या पुढे जातो. पण ३ बारला रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो, थोडं पाणी बाहेर पडतं. रात्री चक्र थंड होतं, पाणी आकसतं आणि काटा सकाळी भरलेल्या आकड्याच्या खाली दिसतो. घरमालक पाणी भरतो, आणि दुसऱ्या दिवशी तेच पुन्हा. पाइप कुठेही गळत नसतो.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. टाकी उत्तम असतानाही कुणी 'जरा जास्तच असू दे' म्हणून थंड असताना २ बार भरलं, तर तापल्यावर दाब ३ च्या पुढे जाऊ पाहतो आणि व्हॉल्व्ह उघडतोच. जास्त भरल्यामुळेच पाणी कमी होतं. म्हणून १.५ च्या वर भरू नका.

टाकीची तब्येत पाणी भरतानाच कळते. तोटी अगदी थोडी उघडा. काटा सावकाश चढत असेल तर टाकीत हवा आहे. तोटी किंचित उघडताच काटा उडी मारून १ वरून २ वर गेला, तर टाकी पाण्याने भरलेली आहे. यामुळेच काटा किती भरभर उतरतो यावरून गळती मोठी की लहान ते ठरवता येत नाही. वर सांगितलेल्या निरोगी चक्रात दाब १.५ वरून १.० वर यायला जवळजवळ पावणेदोन लिटर पाणी जावं लागतं. टाकी पूर्ण पाण्याने भरली असेल तर पेलाभर पाणी गेलं तरी तेवढाच काटा उतरतो.

तीन दिवस काटा लिहून ठेवा

पाना उचलण्याआधी कागद घ्या. थंड असताना १.२ बार भरा, आणि तीन दिवस रोज दोन नोंदी करा: सकाळी हीटिंग सुरू होण्याआधीची, आणि हीटिंग चालू होऊन तासाभरानंतरची. मध्ये पाणी भरू नका. बॉयलर दाब कमी म्हणून बंद पडलाच तर तीही नोंद.

गरम आकडा २.५ ते ३ पर्यंत जातोय आणि थंड आकडा खाली येतोय, तर टाकी किंवा रिलीफ व्हॉल्व्ह. गरम-थंड मधला फरक नेहमीसारखाच आहे, पण दोन्ही आकडे रोज सारखेच खाली सरकताहेत, तर पाणी कुठेतरी गळतंय. चक्र थंड असताना, तुम्ही न भरताही आकडा वर सरकतोय, तर भरायची तोटी पूर्ण बंद होत नाही, किंवा नळाचं पाणी तापवणाऱ्या हीट एक्स्चेंजरला आतून छिद्र पडलंय आणि मुख्य वाहिनीचं पाणी चक्रात घुसतंय. यातही शेवटी रिलीफ व्हॉल्व्ह उघडतो आणि पुढे तो नीट बंद होत नाही. काटा गरम असो वा थंड, जागचा हलतच नाही, तर दाबमापकच अडकलाय. त्याची बारीक नळी गाळाने बुजते.

काही घरांत मुख्य वाहिनीला कायमचा जोडलेला स्वयंचलित भरण व्हॉल्व्ह असतो. तिथे काटा कधीच उतरत नाही आणि गळती वर्षभर लपून राहते. नोंदी घेण्यापूर्वी त्याच्या आधीची तोटी बंद करा, मगच खरं चित्र दिसेल. त्या काळात काट्यावर लक्ष ठेवा.

नवीन बसवलेलं किंवा नुकतंच रिकामं करून भरलेलं चक्र असेल तर थोडं थांबा. पाण्यात विरघळलेली हवा तापल्यावर सुटते, आपोआप हवा सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधून बाहेर जाते आणि पहिले काही दिवस दाब थोडा उतरतो. रेडिएटरची हवा काढल्यावरही तसंच. उतरणं थांबलं तर प्रश्न संपला.

रिलीफ व्हॉल्व्ह तपासणं

रिलीफ व्हॉल्व्हचा पाइप बहुतेकदा भिंतीतून बाहेर जातो आणि खाली तोंड करून संपतो. त्याच्या टोकाखाली भिंतीवर ओघळ किंवा पांढरे डाग दिसतात का ते पाहा. खात्रीसाठी टोकाला पातळ प्लास्टिकची पिशवी रबर बँडने सैलसर लावा आणि एक रात्र ठेवा. सकाळी पिशवीत पाणी असेल तर गळतीचं ठिकाण सापडलं. पिशवी काढायला विसरू नका. हा पाइप कधीही बुचाने बंद करू नका, कितीही थेंब पडत असले तरी. तो बंद केला की बॉयलरचा सुरक्षेचा शेवटचा मार्ग बंद होतो.

आता कारण कोणतं ते पाहा. गरम असताना दाब ३ च्या जवळ जात असेल तर व्हॉल्व्ह आपलं काम करतोय, दोष टाकीचा. दाब १.५ वरच असताना थेंब पडत असतील तर व्हॉल्व्हच्या बैठकीत कचरा अडकलाय. एकदा उघडलेला व्हॉल्व्ह पुष्कळदा पुन्हा नीट बसत नाही. म्हणून टाकी दुरुस्त केल्यावरही गळणं चालू राहिलं तर व्हॉल्व्ह बदलायचाच. त्याचं डोकं फिरवून कचरा धुऊन काढायचा प्रयत्न लोक करतात. कधी जमतं, पण त्यावर विसंबू नये.

टाकीत हवा भरायची रीत

हवेचा व्हॉल्व्ह बॉयलरच्या बाहेरून किंवा साध्या पुढच्या पत्र्यामागे हाताला येत असेल तरच हे करा. लागणाऱ्या वस्तू: अचूक आकडा दाखवणारा टायरचा दाबमापक, फूटपंप, पाणी सोडायला रबरी नळी, बादली, जुनी चादर.

१. बॉयलर बंद करा, वीज तोडा, चक्र पूर्ण थंड होऊ द्या.

२. टाकीच्या हवेच्या व्हॉल्व्हचं टोपण काढा आणि मधली पिन क्षणभर दाबा. पाणी आलं तर पडदा फाटलाय, हवा भरून उपयोग नाही, टाकी बदला. हवा आली तर पुढे जा. काहीच आलं नाही तर हवा संपलीय, तरीही पुढे जा.

३. बॉयलरखालचे जाणारे आणि येणारे असे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. टाकी बाहेर बसवलेली असेल तर तिच्या पाइपवरचा व्हॉल्व्ह असेल तोच पुरे. मग टाकीच्या बाजूचा ड्रेन कॉक (पाणी सोडायची तोटी) उघडून दाब शून्यावर आणा. काटा खरोखर शून्यावर येतो का ते इथेच पाहून घ्या. आला नाही तर दाबमापक खोटं बोलतोय.

४. ड्रेन कॉक उघडाच ठेवा. ही पायरी चुकते म्हणूनच बहुतेकांचं काम फसतं. पाण्याच्या बाजूला दाब असताना हवा भरली तर टायरमापक पाण्याचाच दाब दाखवतो आणि टाकीत प्रत्यक्षात फारच कमी हवा जाते.

५. पंपाने हवा भरायला लागा. ड्रेनमधून अजून पाणी ढकललं जाईल. आकडा पुस्तिकेत दिलेल्या दाबावर, नसेल तर उंचीच्या हिशेबात ०.३ मिळवून येईल त्यावर थांबवा. ६ मीटर उंचीसाठी ०.९ बार.

६. दहा मिनिटं थांबून पुन्हा मोजा. आकडा उतरला असेल तर हवेच्या व्हॉल्व्हवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का पाहा. ठीक असेल तर टोपण घट्ट बसवा, तेही हवा अडवतं.

७. ड्रेन बंद करा, दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडा, आणि हवेच्या दाबापेक्षा ०.२ ते ०.३ बार जास्त होईल इतकं पाणी भरा. म्हणजे ०.९ ला १.१ किंवा १.२.

आठवड्याभरात गरम आकडा पुन्हा ३ कडे जाऊ लागला तर पडद्याला बारीक छेद आहे. आतली टाकी काढायला जागा नसेल तर तंत्रज्ञ परतीच्या पाइपवर बाहेर वेगळी टाकी बसवून देऊ शकतो. बॉयलर भिंतीवरून उतरवण्यापेक्षा ते पुष्कळदा सोपं पडतं.

पाणी खरंच गळत असेल तर

गळती शोधायची योग्य वेळ म्हणजे चक्र थंड असताना. गरम पाइपवर आलेला थेंब लगेच वाळतो आणि काहीच दिसत नाही. शिवाय थंड झाल्यावर धातू आकसतो आणि काही सांधे तेव्हाच गळतात. कोरडा टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक रेडिएटरपाशी जा आणि चार जागा पुसा: दोन्ही टोकांच्या व्हॉल्व्हची दांडी, व्हॉल्व्ह रेडिएटरला जोडणारा नट, पाइप व्हॉल्व्हमध्ये शिरतो तिथला नट, आणि वरची हवा काढायची चावी. तांब्यावर हिरवट खूण, पितळेवर पांढरा थर, रेडिएटरच्या खालच्या शिवणीवर तांबूस डाग, या सगळ्या जुन्या गळतीच्या खुणा. रेडिएटरच्या पत्र्याला बारीक छिद्र पडलं असेल तर तो बदलायचाच, बाहेरून लेप लावून टिकत नाही.

दांडीपाशी ओल असेल तर तिथला लहान ग्लँड नट अष्टमांश फेरा आवळा, पुसा, तासाभराने पाहा. नाहीच थांबलं तर नट सोडून टेफ्लॉनचा दोरा दोन-तीन वेढे घालून पुन्हा आवळतात. त्यासाठी त्या व्हॉल्व्हच्या जागेचा दाब उतरवायला लागतो. मोठा नट आवळताना दोन पाने वापरा, एकाने व्हॉल्व्हचं अंग धरा, दुसऱ्याने नट फिरवा. एकाच पान्याने जोर लावला तर पाइप पिळला जातो आणि थेंबाची धार होते. रेडिएटर सोडवायचाच असेल तर परतीच्या बाजूचा व्हॉल्व्ह किती फेऱ्यांत बंद झाला ते मोजून लिहा. नंतर तेवढेच उघडले नाहीत तर घरभर उष्णतेची वाटणी बिघडते.

रेडिएटर झाले की पंपाचे दोन्ही मोठे नट, मोटार लावलेले व्हॉल्व्ह, गरम पाण्याच्या टाकीची जोडणी आणि आपोआप हवा सोडणारे व्हॉल्व्ह पाहा. हे शेवटचे माळ्यावर किंवा कपाटात लपलेले असतात आणि त्यांची टोपी ओली असते.

बॉयलर की पाइप?

बाहेर काहीच सापडलं नाही तर चक्राचे दोन भाग करून पाहायचं. रात्री बॉयलर बंद करा, वीज तोडा, म्हणजे तो चुकूनही पेटणार नाही. पूर्ण थंड झाल्यावर दाब १.५ वर आणा, भरायची तोटी बंद आहे ना ते पाहा, आणि बॉयलरखालचे जाणारे-येणारे दोन्ही व्हॉल्व्ह बंद करा. थंड होऊ देणं महत्त्वाचं, नाहीतर पाणी आकसल्यामुळे उतरलेला दाब गळती समजून बसाल. सकाळी काटा पाहा. बंद असतानाच काटा उतरला असेल तर गळती बॉयलरमध्ये आहे. काटा १.५ वर टिकला, पण व्हॉल्व्ह उघडताच झटकन खाली आला, तर पाइपांच्या बाजूला पाणी गेलंय. दोन्ही नाही, म्हणजे गळती फक्त तापल्यावर होते. तिथे पुन्हा रिलीफ व्हॉल्व्हकडे वळा. बॉयलरखालचे हे दोन व्हॉल्व्ह जुने असतील तर पूर्ण बंद होत नाहीत आणि निकाल फसवा येतो, तेवढं लक्षात असू द्या.

गळती बॉयलरमध्ये निघाली, खाली जमिनीवर एकही थेंब नाही आणि रिलीफचा पाइपही कोरडा, तर मुख्य हीट एक्स्चेंजरचा संशय घ्या. कंडेन्सिंग बॉयलरमध्ये (धुरातली वाफ थंड करून तिची उष्णताही वापरणाऱ्या बॉयलरमध्ये) ते पाणी कंडेन्सेटच्या, म्हणजे त्या वाफेचं पाणी वाहून नेणाऱ्या नळीतून चुपचाप गटारात जातं. बॉयलर कित्येक तास बंद असूनही त्या नळीतून थेंब पडत असतील तर संशय पक्का. यापुढचं काम तंत्रज्ञाचं.

पाइपांच्या बाजूला असेल आणि पाइप जमिनीखाली असतील, तर आधी एकेक शाखा बंद करून पाहा. जमिनीखालच्या हीटिंगला मॅनिफोल्डवर (सगळ्या नळ्या जिथून फुटतात त्या जोडणीवर) प्रत्येक नळीचे वेगळे व्हॉल्व्ह असतात, त्यामुळे तिथे हे सोपं. कोणती शाखा ते कळलं की गळती शोधणारे लोक उष्णता दाखवणारा कॅमेरा वापरतात, किंवा नळीत ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजन असं मिश्रण सोडून वर उपकरणाने हुंगतात. अंदाजाने फरशी फोडू नका. गळती बुजवणारं रसायन चक्रात ओतणं हा अगदी शेवटचा मार्ग, तोही बारीक गळतीसाठी. टाकी आणि रिलीफ व्हॉल्व्ह त्याने सुधारत नाहीत, आणि हवा सोडणारे व्हॉल्व्ह मात्र बुजू शकतात.

दुरुस्तीनंतर भरणं

पंप बंद ठेवून १.२ बारपर्यंत सावकाश भरा. खालच्या मजल्यापासून वर जात प्रत्येक रेडिएटरची हवा काढा. चावी अर्धा फेरा, हाताखाली फडकं, कारण काळं पाणी गालिच्यावरून निघत नाही. दाब उतरेल, पुन्हा १.२ करा. मग हीटिंग चालू करून पूर्ण तापू द्या, थंड होऊ द्या, आणि पुन्हा हवा काढा. एकाच रेडिएटरमध्ये दर आठवड्याला हवा साठत असेल तर ती हवा नसून गंजण्यातून तयार झालेला हायड्रोजन असू शकतो; तिथे काडी पेटवू नका, आणि पाण्यातलं गंजरोधक संपलंय असं समजा. जेवढ्या वेळा ताजं पाणी भरलंत तेवढं ते पातळ झालेलं असतं. गंजरोधक किती घालायचं याचं नेमकं प्रमाण बाटलीवर असतं.

शेवटी भरायच्या नळीच्या दोन्ही तोट्या बंद करा, नळी काढता येण्याजोगी असेल तर काढून ठेवा आणि टोकांना टोपणं लावा. बॉयलरच्या बाजूला कागद चिकटवून त्यावर तारीख, थंड आकडा आणि टाकीत भरलेला हवेचा दाब लिहा. पुढच्या वर्षी सर्व्हिसिंगला येणाऱ्याला तो कागद दाखवा आणि टाकीतली हवा मोजायला सांगा.